बटण दाबल्याने शक्ती वाढते का?

अशी कल्पना करा की रविवारची सकाळ आहे आणि तुम्ही मामांच्या गाडीत त्यांच्या शेजारी, पट्टा बांधून, ऐटीत बसला आहात. गाडी लहानशीच आहे, पण मामांना तिचा फार अभिमान. क्रांती चौकातून निघून तुम्ही जालना रस्त्याने चिकलठाण्याकडे चालला आहात. एका सिग्नलला गाडी थांबते. मामा तुमच्याकडे बघून डोळे मिचकावतात आणि समोरचे एक बटण दाबतात. त्यावर ‘स्पोर्ट’ असे लिहिलेले आहे. दिवा हिरवा होतो, मामांचा पाय हलतो न हलतो तोच गाडी अशी काही उसळते की तुमची पाठ आसनाला चिकटते. पुढच्या सिग्नलला मामा पुन्हा बटण दाबून ‘सिटी’ हा मोड लावतात. पाय तेवढाच हलतो, पण या वेळी गाडी सोमवारी शाळेला निघालेल्या मुलासारखी रेंगाळत निघते.

इंजिन तेच, पेट्रोल तेच, मामाही तेच. मग ती उसळी आली कुठून? बटणामागे एखादे राखीव इंजिन दडवून ठेवले आहे की काय?

छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना हा प्रश्न परका वाटू नये. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाड्यांची जुळणी होऊ लागली. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुणी ना कुणी या कारखान्यांत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करीत असेल. गाड्यांचे वेडही या गावाला कमी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या होत्या आणि ती बातमी देशभर गाजली होती! आपल्याला मात्र आज एवढ्या मोठ्या गाडीची गरज नाही. मामांची छोटी गाडी पुरे.

मागचे दार काचेसकट वर उचलले जाते अशा आखूड गाडीला हॅचबॅक म्हणतात. अशा हलक्या गाडीत जरा दांडगे इंजिन बसवले की झाली ‘हॉट हॅच’. या जातीला जगभर नाव मिळवून दिले ते जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. ती १९७६ साली विक्रीला आली आणि तिचे इंजिन ११० अश्वशक्तीचे होते. गंमत पाहा. जानेवारी २०२१ मध्ये टाटांची अल्ट्रोझ आयटर्बो ही गाडी आली. ती पुण्यात तयार झालेली, आणि तिचीही शक्ती ११० अश्वशक्तीच. परंतु तिच्यात ‘सिटी’ आणि ‘स्पोर्ट’ असे दोन मोड होते. जुन्या गोल्फमध्ये असले काही नव्हते. तिला मोड एकच, आणि तो म्हणजे चालवणाऱ्याचा पाय! मामांची गाडी ही अल्ट्रोझ आहे असे आपण धरून चालू.

जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरचे पायटे एका तारेने किंवा दांडीने थेट इंजिनाशी जोडलेले असे. इंजिनात हवा जाण्याची जी नळी असते तिच्यात फुलपाखराच्या पंखासारखी एक गोल चकती असते. पायटे दाबले की तार ओढली जाई, चकती फिरे, वाट मोकळी होई आणि जास्त हवा आत जाई. हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिळे. पाय एक बोट खाली गेला की चकती ठरावीक अंशांनी फिरलीच पाहिजे. यात कुणाचा सल्ला घ्यायचा प्रश्नच नव्हता.

मामांच्या गाडीत ही तार नाही. पायट्याच्या बिजागरीपाशी त्याची स्थिती मोजणारे दोन संवेदक बसवलेले असतात. दोन का? एक बिघडला तर दुसऱ्याशी त्याचा मेळ बसत नाही हे ताबडतोब कळावे म्हणून. तसे झाले तर गाडी आपोआप बेताच्या शक्तीवर येते. हे संवेदक गाडीतल्या संगणकाला कळवतात की पाय इतका टक्के खाली गेला आहे. मग संगणक ठरवतो चकती किती उघडायची ते, आणि एक छोटी विद्युत मोटर ती उघडते. म्हणजे मामा पाय दाबतात तेव्हा ते हुकूम सोडत नसतात, अर्ज करत असतात! आणि अर्ज मंजूर करण्याचे नियम ज्या कोष्टकात लिहिलेले असतात, ते कोष्टक बदलणे हेच त्या बटणाचे मुख्य काम.

हे कोष्टक कसे असते? समजण्यापुरते काही आकडे घेऊ. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे असतात. सिटी मोडमध्ये पाय पाव अंतर दाबला, तर इंजिनाच्या जोरापैकी १५ टक्के जोर मिळतो असे समजा. अर्धा दाबला तर ४० टक्के, आणि पूर्ण दाबला तर १०० टक्के. आता स्पोर्ट मोडचे कोष्टक पाहा. पाव दाबला की ४० टक्के, अर्धा दाबला की ७५ टक्के, आणि पूर्ण दाबला की? १०० टक्केच! १०० च्या वर आकडा जाणार कसा? आधी दिलेली उसळी शेवटी वसूल झाली. स्पोर्टमध्ये पायट्याचा पहिला अर्धा भाग भराभर जोर देतो आणि उरलेल्या अर्ध्या भागाला देण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही.

घरातल्या नळाचेच पाहा ना. जुन्या पितळी नळाला चार-पाच वेढे द्यावे तेव्हा तो पूर्ण उघडे. नव्या नळाची दांडी पाव वेढा फिरवली की धो धो पाणी. नवा नळ बसवल्यावर पहिल्या दिवशी कपडे भिजतात आणि आपण म्हणतो, “केवढा जोर आहे याला!” पण नळ बदलला म्हणून गच्चीवरच्या टाकीची उंची वाढली का? पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून, आणि ती होती तेवढीच आहे. (शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येते हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.)

येथे एक सावधगिरीची सूचना. काही गाड्यांत पेट्रोल वाचवण्यासाठी म्हणून जो मोड असतो त्यात संगणक इंजिनाला पूर्ण जोर करूच देत नाही. तेथे मोड बदलल्यावर थोडा जास्त जोर खरोखर मिळतो. पण तो वाढवलेला नसतो, अडवून ठेवलेला असतो आणि मग सोडलेला असतो.

तुम्ही म्हणाल, “आम्ही तर ऐकले आहे की स्पोर्टमध्ये इंजिन जोरात फिरते, आवाज बदलतो. तेव्हा शक्ती वाढत असेलच की!” शंका चांगली आहे. तिच्यासाठी थोडे गणित करावे लागेल, पण ते आठवीच्या मुलाला झेपेल असे आहे.

पान्याने नट आवळताना आपण जो पीळ देतो त्याला भौतिकशास्त्रात परिबल म्हणतात, आणि गॅरेजमधले मिस्त्री टॉर्क म्हणतात. आपण टॉर्कच म्हणू. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी एक न्यूटन बल लावले तर टॉर्क झाला एक न्यूटन-मीटर. अल्ट्रोझ आयटर्बोचे इंजिन जास्तीत जास्त १४० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांपासून ५५०० फेऱ्यांपर्यंत तो तेवढाच राहतो. आता शक्ती म्हणजे काय? एका सेकंदात केलेले कार्य. एका फेऱ्यात होणारे कार्य म्हणजे टॉर्क गुणिले २π. सेकंदाला जितके फेरे, तितक्या पटीने कार्य.

मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. म्हणून शक्ती = २ × ३.१४ × २५ × १४० = सुमारे २२,००० वॅट. एक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची धरली तर या झाल्या ३० अश्वशक्ती. आता मिनिटाला ५५०० फेरे घ्या. सेकंदाला झाले ९१.७. गुणाकार करून पाहा. उत्तर येईल सुमारे ८०,६०० वॅट, म्हणजे जवळजवळ ११० अश्वशक्ती. कंपनीने जाहीर केलेला आकडा आपण वहीच्या एका पानावर काढून दाखवला!

या गणितात आपल्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर दडलेले आहे. टॉर्क तोच, पण फेरे वाढले की शक्ती तीस अश्वशक्तीवरून एकशेदहावर जाते. तेव्हा इंजिन आधीपासूनच वेगाने फिरत ठेवले, तर पाय दाबताच हाताशी मोठी शक्ती असते. गिअर असलेली सायकल ज्यांच्याकडे आहे त्यांना हे पायांनी ठाऊक आहे. दौलताबादहून खुलताबादच्या घाटाला लागले की तुम्ही हलका गिअर टाकता, पाय भराभर फिरतात आणि चढ निभतो. जड गिअरमध्ये पाय सावकाश फिरतात, पण ऐन चढावर दम उखडतो.

मामांच्या गाडीत गिअर हाताने बदलायचे असल्यामुळे हे काम मामांनाच करावे लागते, बटण त्यात मदत करत नाही. पण ज्या गाड्या आपले गिअर आपण बदलतात, त्यांच्यात बटणाचा किंवा दांड्याचा परिणाम फार मोठा असतो. पुण्याजवळ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही गाडी २०१३ मध्ये आली. इंजिन अवघे १.२ लिटरचे, शक्ती १०५ अश्वशक्ती आणि गिअर सात. तिच्या गिअरपेटीत दोन क्लच होते. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. तिसऱ्यावर गाडी धावत असताना चौथा आधीच जुळवून तयार ठेवलेला असे. एक क्लच सुटला की दुसरा धरला, संपले काम. तिचा दांडा ‘डी’ वर ठेवला तर संगणक लवकर लवकर वरचे गिअर टाकी आणि इंजिन सावकाश फिरत ठेवी. ‘एस’ वर ठेवला तर तोच संगणक खालचा गिअर धरून बसे आणि इंजिन गुरगुरू लागे.

अशा इंजिनांना फेरे टिकवून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. त्यांना टर्बो असतो. इंजिनाच्या धुरात बरीच ऊर्जा फुकट जात असते. त्या धुराने एक छोटे पाते फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, अशी ही युक्ती. हे पाते मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. पण इंजिन सुस्त असेल तर धूर कमी आणि पातेही सुस्त. पाय दाबल्यावर धूर वाढायचा, मग पाते वेग घ्यायचे, मग हवा कोंबली जायची. एवढ्यात क्षणभर निघून जातो. फेरे आधीच चढलेले असतील तर हा उशीर पुष्कळ कमी होतो.

बाकी मग किरकोळ गोष्टी. काही गाड्यांत स्पोर्ट लावला की स्टीअरिंग जड होते, कारण ते फिरवायला मदत करणारी मोटर आपली मदत थोडी आखडती घेते. फोक्सवॅगनच्या काही गोल्फ जीटीआय गाड्यांत तर आवाज वाढवायला एक थरथरणारे यंत्रच बसवलेले होते. आवाज वाढला, हाताला जडपणा जाणवला की वेग वाढल्यासारखे वाटते. आपल्या मनाचीही काही कोष्टके असतातच की!

मग नेहमीसाठी शांत मोडच का? गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने नुसते चालत राहायला किती शक्ती लागते, काही अंदाज? हवेचा आणि चाकांचा विरोध मोडायला साधारण ५ किलोवॅट पुरतात. ८० पैकी अवघे पाच! एवढ्याशा कामासाठी इंजिन वेगाने फिरवणे म्हणजे एक पत्र पोचवायला दहा पोस्टमन धाडण्यासारखे. दहाही जण दमणार. इंजिनाचे दमणे म्हणजे घर्षण. शिवाय कमी जोर हवा म्हणून ती फुलपाखरी चकती जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनना तिच्या फटीतून हवा ओढावी लागते. बारीक नळीने उसाचा रस ओढताना गाल दुखतात ना, तसेच. शांत मोडमध्ये फेरे कमी, चकती अधिक उघडी आणि दोन्ही नुकसाने कमी.

शहरात मात्र पेट्रोलचा खरा नाश होतो तो सिग्नलपाशी. माणसांसह गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरा. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला येते, ½mv². ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, आणि ऊर्जा सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल. ताशी ८० ला ती २ लाख ९६ हजार. वेग एक-तृतीयांशाने वाढला, ऊर्जा पाऊणपटीहून जास्त वाढली! पुढचा दिवा लाल झाला की हे सारे ज्यूल ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातात. जास्तीच्या सव्वा लाख ज्यूलसाठी, पेट्रोलच्या ऊर्जेचा चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो असे धरले तर, सुमारे १६ मिलिलिटर पेट्रोल जळते. चहाचे तीन चमचे. एका सिग्नलला एवढे, आणि हाती काय लागते? पुढच्या सिग्नलला आधी जाऊन उभे राहण्याचा मान.

स्पोर्ट मोड निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मोकळ्या रस्त्यावर समोर नजर पोचेल तेथवर कुणी येत नाही याची खात्री करून रेंगाळणाऱ्या ट्रकच्या पुढे जायचे असेल, तर उलट दिशेच्या पट्ट्यात जितका कमी वेळ काढावा तितके बरे. तेव्हा तयार इंजिन कामाला येते. खुलताबादहून घाट उतरतानाही पोलोसारख्या गाडीत खालचा गिअर धरून ठेवणे फायद्याचे, कारण इंजिनच गाडीला मागे ओढते आणि ब्रेक तापत नाहीत. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर याच मोडचा त्रास होतो. गाडी हादरली की पाय हादरतो, पाय हादरला की पायटे हलते, आणि स्पोर्टचे कोष्टक तो बारीकसा हिसका मोठा करून चाकांकडे पाठवते. पहिल्या पावसाने रस्ता निसरडा झालेला असतानाही तेच. पुढची चाके गर्रकन जागीच फिरतात.

कारण बटणाचा हात इंजिनापर्यंत, गिअरपर्यंत आणि फार तर स्टीअरिंगपर्यंत पोचतो. टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणाला त्याची खबरही नसते. गाडी थांबायला लागणारे अंतर काढून पाहू. कोरड्या रस्त्यासाठी घर्षणाचा गुणांक ०.७ घ्या आणि संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत १ सेकंद जातो असे धरा. ताशी ६० ला त्या एका सेकंदात गाडी १६.७ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर v²/२μg या सूत्राने आणखी २० मीटर. एकूण ३७ मीटर. ताशी ८० ला हाच हिशेब ५८ मीटरवर जातो. एकवीस मीटर जास्त. तुमच्या वर्गाची लांबी मोजा आणि असे किती वर्ग होतात ते पाहा. ओल्या रस्त्यासाठी गुणांक ०.४ घेऊन ६० चेच अंतर काढलेत तर ते ५२ मीटर भरेल. शाळेसमोरच्या रस्त्यावर चेंडूमागे धावलेले पोर या मीटरांच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर सारे अवलंबून असते. स्पोर्ट मोडमध्ये ६० वरून ८० वर जायला फारच थोडा वेळ लागतो, आणि लक्ष वेगाच्या काट्याकडे असतेच असे नाही.

यातले पुष्कळसे तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल. कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेच्या मध्याला दोरा बांधून दोऱ्याच्या टोकाला एक नट लटकवा. झाला ओळंबा. कोनमापकाची सरळ कड वर, आडवी, गाडीच्या लांबीच्या दिशेत येईल असा तो धरा. गाडी सारख्या वेगाने जात असली की दोरा ९० वर स्थिर राहील. गाडीने वेग घेतला की नट मागे झुकेल, आणि दोऱ्याने लंबाशी केलेला कोन θ असेल तर गाडीचे त्वरण g × tanθ. कोन १० अंश आला तर त्वरण सेकंदाला सेकंदास १.७ मीटर, म्हणजे ६० चा वेग गाठायला दहा सेकंदांच्या आसपास. नट फार डोलतो म्हणून मागे बसलेल्या भावंडाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि कोन नंतर सावकाश वाचा. रस्ता सपाट हवा, आणि गाडी वेग घेताना स्वतःच मागे किंचित दबते याचीही अंशभर चूक धरा.

मामांना विनंती करा की रिकामा रस्ता बघून, ६० ची मर्यादा न ओलांडता, एकाच गिअरमध्ये आणि साधारण एकाच वेगापासून सुरुवात करून आधी पाव पायटे दाबा. सिटीतला आणि स्पोर्टमधला कोन वहीत लिहा. त्यांत चांगलाच फरक दिसेल. मग तसेच पुन्हा, पण पायटे पूर्ण दाबून. या वेळी दोन्ही कोन जवळजवळ सारखे यावेत. नाही आले तर तुमच्या मामांच्या गाडीचा संगणक शांत मोडमध्ये जोर अडवून ठेवतो असे समजा आणि तेही लिहून ठेवा.

मामा ब्रेक दाबतील तेव्हा नट पुढे झेपावेल. तो कोनही दोन्ही मोडमध्ये मोजायला विसरू नका. कोरड्या रस्त्यावर अगदी करकचून ब्रेक लावला तरी तो ३५ अंशांच्या फार पुढे जाणार नाही, कारण ०.७ हा ३५ अंशांचाच tan आहे.